दांड्याविना द्वंद्व

सान्वा या जपानी कंपनीचा जेएलएफ जातीचा दांडा जगभरच्या आर्केड यंत्रांवर आणि घरोघरच्या आर्केड स्टिकांवर गेली कित्येक वर्षे बसविला जात आहे. त्या दांड्याचे तळचे झाकण काढून आत डोकावले, तर त्याच्या बुडाभोवती चारी बाजूंना चार बारीक मायक्रोस्विच बसविलेले दिसतात. मुठीतला गोळा डावीकडे ओढला की दांडा मध्यावर कलतो, त्याचे बूड उजवीकडे सरकते आणि तिकडच्या स्विचवर टेकून टक् असा बारीक आवाज करते. गोळा तिरका ओढला तर शेजारशेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात, आणि दांडा मध्यावर परतला की चारही मोकळे होतात. वर हाताच्या अनुभवाला जी हालचाल गोलाकार, अखंड आणि प्रवाही भासते, ती खाली यंत्राच्या दफ्तरी दाखल होते ती चार निरोपांच्या चालू-बंद अशा टिपणांच्या रूपाने. मनगटाच्या डौलदार फेरीची यंत्राला काहीही वार्ता नसते. सेकंदाच्या साठाव्या भागातून एकदा ते चारही स्विचांची हजेरी घेते आणि जो निरोप मिळेल त्यावर पडद्यावरच्या योद्ध्याला हलविते.

ही रचना एकदा डोळ्यांनी पाहिली म्हणजे गेल्या पंधराएक वर्षांत लढतीच्या खेळांच्या, म्हणजे खेळाडू ज्यांना 'फायटिंग गेम' म्हणतात त्यांच्या जगात जो मोठा कज्जा चालू आहे, त्याचे मूळ ध्यानी येते. दांडा अजिबात काढून टाकून त्याच्या जागी चार दिशांच्या चार कळा बसविलेले जे खोके आज 'लिव्हरलेस' या नावाने, आणि पहिल्या प्रसिद्ध कंपनीच्या नावावरून सरसकट 'हिटबॉक्स' म्हणून ओळखले जाते, त्यावर घेतला जाणारा आक्षेप असा की, त्याने खेळातले कौशल्यच हिरावून घेतले. दांड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु दांड्याच्या आत चार कळाच दडलेल्या आहेत ही वस्तुस्थिती त्या आक्षेपात पुरेशी जमेस धरलेली दिसत नाही.

दांडा या खेळांत आला तो परंपरेने. आर्केडची यंत्रे १९७० आणि १९८० च्या दशकांत दुकानांतून व करमणूक-गृहांतून मांडली गेली, तेव्हा दररोज असंख्य अनोळखी हातांचे धसमुसळेपण सोसणारे आणि पाहताक्षणी कसे वापरावे हे कळणारे साधन म्हणून दांडा योग्यच होता. कॅपकॉमचा पहिला 'स्ट्रीट फायटर' १९८७ साली निघाला, तेव्हा त्याच्या एका यंत्रावर तर जितक्या जोराने हाणावे तितका जोरकस प्रहार व्हावा अशा हेतूने दोन मोठ्या दाबउशा बसविल्या होत्या. पुढे त्यांची जागा सहा कळांनी घेतली आणि १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' ने एक दांडा व सहा कळा हीच मांडणी जणू सनदेने कायम केली. त्या खेळाच्या कर्त्यांनी एक गोष्ट अशी केली की जिच्यामुळे दांडा आणि कौशल्य ही दोन्ही लोकांच्या मनात एकरूप झाली: विशेष प्रहार काढावयाचा तर नुसती कळ दाबून भागत नाही, आधी दिशांची एक ठरावीक मालिका यंत्राला द्यावी लागते. ऱ्यू या योद्ध्याने तळहातांतून सोडावयाच्या तेजोगोलासाठी, म्हणजे 'हादोकेन'साठी, आधी खाली, मग खाली-पुढे तिरके, मग पुढे आणि लगेच ठोसा. दांड्यावर ही मालिका म्हणजे एक पाव-वर्तुळ. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते पाव-वर्तुळ मनगटात मुरविले, आणि ते मुरले की आपण लढतीच्या खेळात पारंगत झालो असे मानले.

घरगुती खेळयंत्रांबरोबर अंगठ्याने चालवावयाची फुलीच्या आकाराची दिशाकळ आली. ती निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या 'गेम अँड वॉच' डाँकी काँगसाठी घडविली होती, आणि तिच्यावर वाढलेल्या खेळाडूंनी दांड्याची मक्तेदारी आधीच सैल केली होती. २०१४ साली लास वेगासच्या एव्हो स्पर्धेत, म्हणजे या खेळांच्या सर्वांत प्रतिष्ठित आखाड्यात, 'लफी' या नावाने खेळणाऱ्या फ्रेंच खेळाडूने पहिल्या प्लेस्टेशनचा जुना पॅड हातात घेऊन अजिंक्यपद पटकावले, तेव्हा साधनाच्या कुळाचा आणि खेळाडूच्या योग्यतेचा काही संबंध नाही, हे ज्यांना पाहावयाचे होते त्यांनी पाहिले. संगणकाच्या कीबोर्डवर खेळणारेही होतेच. कीबोर्डवर दिशा बोटांनी दिल्या तर त्या दांड्यापेक्षा नेमक्या पडतात, हा अनुभव त्यांच्यापाशी होता. मात्र टंकलेखनासाठी मांडलेल्या कळा लढतीत हाताला आडव्या येतात, ही तक्रारही होती.

अमेरिकेत डस्टिन हफर आणि शॉन हफर यांनी २०१० च्या सुमारास जे खोके घडवून 'हिट बॉक्स' या नावाने विकावयास काढले, त्याचा मोठेपणा त्याच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी निवांतपणे पाहण्याजोगी आहे. डाव्या हाताची तीन बोटे सहज टेकतील अशा हलक्या कमानीत तीन कळा: अनामिकेखाली डावी दिशा, मधल्या बोटाखाली खालची, तर्जनीखाली उजवी. उजव्या हाताखाली प्रहारांच्या आठ कळा, दोन ओळींत. या सगळ्या चोवीस मिलिमीटरच्या. आणि वरची दिशा, म्हणजे उडी? ती या सगळ्यांच्या खाली, खोक्याच्या मध्याकडे, तीस मिलिमीटरच्या एका ऐसपैस कळेवर, जिथे दोन्ही हातांचे अंगठे आपोआप येऊन विसावतात. 'वर' ही दिशा खाली असावी हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु लढतीत उडीचा निर्णय हा सर्वांत धोक्याचा निर्णय असतो, तो तीन बोटांपैकी एकाला उचलून घ्यावयास लावण्यापेक्षा मोकळ्या असलेल्या अंगठ्याकडे सोपवावा, हा विचार इतका शहाणपणाचा आहे की, पुढे निघालेल्या बहुतेक सर्व खोक्यांनी तो जशाचा तसा उचलला.

आता हादोकेन घ्या. मधल्या बोटाने 'खाली' दाबावयाचे, ते तसेच धरून तर्जनीने 'पुढे' दाबावयाचे, म्हणजे दोन्ही मिळून तिरकी दिशा होते. मग मधले बोट उचलावयाचे, म्हणजे 'पुढे' तेवढे उरते. त्याच क्षणी उजव्या हाताने ठोसा. दोन बोटांची एक लहानशी लाट, आणि तेवढ्यात पाव-वर्तुळ पुरे. झांगीफ या रशियन मल्लाच्या पकडीला दिशांची जवळजवळ पूर्ण फेरी लागते. ती येथे तीन बोटे आणि अंगठा ओळीने टेकवून काढावी लागते, आणि प्रारंभी ती फार अवघड जाते, कारण अंगठा जरा आधी पडला तर मल्ल पकड घेण्याऐवजी हवेत उडालेला असतो आणि प्रतिस्पर्धी खाली वाट पाहत असतो.

खरी गंमत 'शोर्यूकेन'ची, म्हणजे झेप घेत मारावयाच्या ठोशाची. त्याची मालिका पुढे, मग खाली, मग खाली-पुढे तिरके. दांड्यावर ती नागमोडी ओढ ऐन घाईत चुकते आणि तिच्या जागी हादोकेन निघतो, हे दुःख प्रत्येक खेळाडूने भोगलेले आहे. कळांच्या खोक्यावर तर्जनीने 'पुढे' दाबून ते तसेच धरून ठेवावयाचे. मग मधले बोट आणि अनामिका एकदम टेकवावयाची, म्हणजे 'खाली' आणि 'मागे'. पुढे आणि मागे ही दोन्ही एकाच वेळी दाबलेली असल्यामुळे खोक्यातले सर्किट ती परस्परांत वजा करते आणि यंत्राला फक्त 'खाली' कळते. आता अनामिका उचलली की 'पुढे' पुन्हा जिवंत होते, 'खाली' दाबलेलेच आहे, आणि तिरकी दिशा आपोआप सिद्ध होते. तर्जनी या सगळ्या काळात जागची हललेलीही नसते. दांड्यावर हे घडूच शकत नाही. दांडा एकाच वेळी पुढे आणि मागे असू शकत नाही.

शेवटचे हे वाक्य म्हणजे या सर्व प्रकरणातला कळीचा मुद्दा होय. दांड्याला जे निसर्गतःच अशक्य होते ते बोटांना शक्य झाले: डावीकडे जा आणि उजवीकडे जा असे दोन विरुद्ध हुकूम एकाच क्षणी देणे. तसे झाले असता यंत्राने कोणता हुकूम मानावा, याचा निवाडा करणारी जी तरतूद खोक्याच्या सर्किटात असते तिला खेळाडू अशा विरुद्ध हुकुमांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'एसओसीडी' म्हणतात. निवाड्याचे प्रकार चार: दोन्ही रद्द करून मध्य धरणे, शेवटी आलेला हुकूम मानणे, आधी आलेला मानणे, किंवा एखाद्या दिशेला कायमचा अग्रमान देणे. मूळ हिट बॉक्समध्ये डावे-उजवे एकमेकांना रद्द करीत आणि वर-खाली यांत 'वर' जिंकत असे. ही बाब किरकोळ वाटेल. पण गेल हा अमेरिकन सैनिक खेळविणाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास ती मुळीच किरकोळ नाही. गेलच्या काही प्रहारांना एखादी दिशा काही काळ दाबून साठवावी लागते आणि मग विरुद्ध दिशेला झटकावे लागते: वरच्या लाथेसाठी 'खाली' साठवून 'वर', तेजोलहरीसाठी 'मागे' साठवून 'पुढे'. दांडा वर नेला की 'खाली' सुटते, म्हणजे प्रहाराची किंमत म्हणून साठा मोडावा लागतो, आणि साठा मोडल्यावरचे जे काही क्षण गेल उघडा असतो, तेच प्रतिस्पर्ध्याच्या संधीचे क्षण असतात. 'वर' ला अग्रमान असेल तर 'खाली' न सोडताच लाथ मारता येते आणि अंगठा उचलताच पुढच्या लाथेचा साठा पुन्हा सुरू होतो.

म्हणूनच या साधनावर हरकती आल्या, आणि त्या सगळ्या निराधार नव्हत्या. त्यांतली सर्वांत गाजलेली हरकत दाइगो उमेहारा यांच्या खोक्यावर घेतली गेली. दाइगो हे या खेळांच्या इतिहासातले बहुधा सर्वांत ख्यातकीर्त नाव. २००४ च्या एव्हो स्पर्धेत, केन या त्यांच्या योद्ध्याचे आयुष्य एका धाग्यावर लोंबकळत असताना, नुसता प्रहार अडविला तरी हार पत्करावी लागेल अशा अवस्थेत, जस्टिन वाँग यांच्या चुन-लीने डागलेले पंधरा प्रहार त्यांनी एकेक करून अचूक क्षणी परतविले आणि उलट तो सामना जिंकला, ते दृश्य आजही नवख्यांना दाखविले जाते. ते त्यांनी दांड्यावर केले होते. असा माणूस २०१९ च्या आरंभी 'गाफ्रो बॉक्स' नावाचे जपानी बनावटीचे बिनदांड्याचे खोके घेऊन गेल खेळविताना दिसला, तेव्हा सगळ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. आणि परस्परविरुद्ध दिशांचा निवाडा हाच मुद्दा पुढे करून कॅपकॉमने आपल्या अधिकृत स्पर्धामालिकेतून त्या खोक्यास मनाई केली. दाइगो यांनी मनाई मानली, कळांचा मार्ग मात्र सोडला नाही. ते नियमांत बसणारे दुसरे खोके वापरू लागले. दांड्यावर एवढी हयात घालविलेल्या माणसाने नवा हात घडविण्याचे कष्ट पत्करले, या एका गोष्टीने जितक्या खेळाडूंना कळांकडे वळविले तितक्यांना कोणत्याही जाहिरातीने वळविले नसेल.

महाराष्ट्रातल्या वाचकास येथे पेटीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गोविंदराव टेंबे यांच्या बोटांनी जिला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, त्या पेटीला ऑल इंडिया रेडिओने १९४० साली आपल्या केंद्रांतून हद्दपार केले आणि ती मनाई १९७१ पर्यंत उठली नाही. आक्षेपाचे स्वरूपही थेट हेच होते: तुटक पट्ट्यांवर मींड निघत नाही, एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाणे हा आपल्या गायकीचा प्राण, आणि हे साधन तर स्वरावरून स्वरावर उडी मारते. तो आक्षेप संगीताच्या बाबतीत निदान वस्तुस्थितीला धरून तरी होता, कारण तंतुवाद्यावर मींड खरोखरच ऐकू येते. दांड्याच्या बाबतीत मात्र मींड फक्त हाताला जाणवते; यंत्रापर्यंत ती कधीच पोहोचलेली नसते. म्हणून कळांवर स्वतंत्र आणि थेट बोट ठेवणाऱ्याने परंपरा मोडली, असे मला वाटत नाही. यंत्र आजवर ज्या भाषेत ऐकत आले त्याच भाषेत तो बोलू लागला.

तरीही नियम हवा, आणि तो कोठे असावा हे ठरविताना पहिली काही वर्षे गल्लत झाली. खोक्याचा आकार, कळांची संख्या, कंपनीचे नाव यांवर मनाया घातल्या गेल्या. खरा प्रश्न निवाड्याचा होता. 'स्ट्रीट फायटर ६' जून २०२३ मध्ये निघाला, आणि त्या वर्षीच्या कॅपकॉम प्रो टूरच्या नियमांत विरुद्ध दिशा एकत्र दाबल्यास, मग त्या डाव्या-उजव्या असोत की वर-खाली, दोन्ही रद्द होऊन मध्यच धरला जावा अशी तरतूद आली. 'वर' चा अग्रमान गेला. जुनी खोकी बाळगणाऱ्यांना त्यांच्या सर्किटातली प्रणाली बदलून घ्यावी लागली आणि काही काळ कुरकुर झाली. परंतु मला हा निर्णय न्याय्य वाटतो, कारण त्याने साधनाला मुभा दिली आणि त्या साधनाने मिळणारा जो एक लाभ दांडाधारकाला काही केल्या मिळू शकत नव्हता तेवढाच काढून घेतला. हाच कज्जा पुढच्याच वर्षी दुसऱ्या आखाड्यात उभा राहिला: विरुद्ध दिशेची शेवटची कळ आपोआप ग्राह्य धरणाऱ्या कीबोर्डांमुळे 'काउंटर-स्ट्राइक २' मध्ये पावले नको इतकी सहज थांबू लागली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरांवर त्या सोयीला बंदी केली. तेथेही आपोआप होणाऱ्या निवाड्यावर बंदी आली; कीबोर्ड कोणी बाजूला ठेवावयास सांगितला नाही.

या साधनाविषयी माझी जी आस्था आहे तिचे मूळ स्पर्धेतल्या लाभात नाही. हाताला जे सुख मिळते त्यात आहे. दांडा तासन् तास ओढणाऱ्याचे मनगट आणि पॅडची फुली तासन् तास दाबणाऱ्याचा अंगठा यांना जो शिणवटा येतो तो पुष्कळदा दुखण्यापर्यंत जातो. 'हॅक्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या अझीझ अल-यामी या अमेरिकन खेळाडूची कहाणी या दृष्टीने मोलाची आहे. निन्टेन्डोच्या २००१ सालच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' या खेळातला तो अग्रगण्य खेळाडू; त्या खेळाचा वेग आणि त्याच्या पॅडची रचना यांपुढे त्याच्या हातांनी हार खाल्ली. तेव्हा त्याने सर्वच्या सर्व कळांचे 'बॉक्स' नावाचे आपले स्वतःचे खोके घडविले, त्यात पॅडच्या लवचिक काठीचे वेगवेगळे कोन कळांच्या जोड्यांवर बसविले, आणि ते इतरांसाठीही विकावयास आणले. त्या खोक्यावरही मेलेच्या आखाड्यात वर्षानुवर्षे वाद झाले. वाद होवोत, परंतु ज्याच्या हाताने एक साधन नाकारले त्याला दुसऱ्या साधनाने त्याच आखाड्यात परत येता आले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आणि येथूनच हे साधन आपापल्या हाताजोगे करून घेण्याचा विषय सुरू होतो. माझ्या मते यातला सर्वांत रसाळ भाग तोच. बाजारात तयार मिळणाऱ्या खोक्यांची आता वाण नाही. रेझरने २०२३ साली 'कित्सुने' हे पातळ खोके तीनशे डॉलरांच्या किमतीला आणले, व्हिक्ट्रिक्सचे आले, होरीचे आले, आणि चिनी कारखान्यांची स्वस्त खोकी तर त्याहून कितीतरी कमी दामात मिळू लागली. परंतु प्रत्येक हाताचा विस्तार निराळा, करंगळी-अनामिकेतला उतार निराळा, बोट टेकवून ठेवण्याची सवय निराळी. ज्याला बोटे कळांवर विसावून ठेवण्याची खोड आहे त्याला हलक्या कळा घात करतात, कारण अनामिकेच्या नुसत्या भाराने 'मागे' दाबले जाते. त्याने जड कमानीचा स्विच घ्यावा. ज्याला झटपट आणि वरवर टिचक्या मारावयाच्या आहेत त्याने उथळ स्विच घ्यावा: चेरी कंपनीचा लाल स्विच दोन मिलिमीटर दबल्यावर निरोप देतो, त्याच घराण्यातला 'स्पीड सिल्व्हर' एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटरवरच देतो. कैल्हचे चपटे 'चॉक' स्विच आल्यापासून ही खोकी दप्तरात वहीशेजारी राहतील इतकी पातळ झाली. आर्केडच्या मूळ सान्वा कळांची खोली पाहिली तर हे त्यांच्याकडून होणे शक्य नव्हते. तरी त्यांचा तो मऊ, तळाशी टेकणारा स्पर्श ज्याच्या बोटांना एकदा लागला त्याला दुसरे काही रुचत नाही, हेही खरे.

पूर्वी यातला दुर्लभ भाग म्हणजे मधले सर्किट. ते तैवान-जपान-अमेरिकेहून मागवावे लागे आणि जकातीसह त्याची किंमत पाहून आपल्याकडचा विद्यार्थी हात आखडता घेई. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या रास्पबेरी पाय संस्थेने 'पिको' नावाची, बोटाएवढी लांब आणि चार डॉलर किमतीची पट्टी बाजारात आणली, आणि स्वयंसेवकांनी तिच्यावर चालणारी 'जीपी२०४०-सीई' ही प्रणाली लिहून सर्वांसाठी खुली ठेवली. त्या दोहोंनी हा व्यवहारच पालटला. पिको आज मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी केली तर मिळते. तिच्या दोन्ही काठांना मिळून चाळीस पाय. प्रत्येक कळेला दोन जिभा असतात: एक जीभ पिकोच्या एकेका स्वतंत्र पायाला जोडावयाची, आणि उरलेल्या सगळ्या जिभा एकाच तारेने माळेसारख्या ओवून ग्राउंडला न्यावयाच्या. पिकोवरचे पांढरे बटन दाबून धरून ती संगणकाला जोडली की ती पेन ड्राइव्हसारखी दिसू लागते. प्रणालीची फाइल तिच्यावर टाकली की काम झाले. पुढे 'स्टार्ट'ची कळ दाबून धरून खोके पुन्हा जोडले, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ हा पत्ता घातला, की कोणत्या पायाला कोणती कळ, दिव्यांचे रंग कोणते, आणि विरुद्ध दिशांचा निवाडा कोणत्या पद्धतीने, हे सर्व तेथे बदलता येते.

माझे स्वतःचे खोके प्लायवूडचे आहे. त्यात कळांच्या जागा ठरविण्यापूर्वी मी एक जाड कागद टेबलावर पसरला, डोळे मिटून दोन्ही हात त्यावर सैल सोडले, आणि बोटांची टोके जेथे पडली तेथे पेन्सिलीने खुणा केल्या. माझ्या अनामिकेची खूण छापील आराखड्यांत दाखविलेल्या जागेपेक्षा बरीच खाली आली, आणि दोन हातांमधले अंतर तर कोणत्याही तयार खोक्यापेक्षा अधिक निघाले. कागदावरून खुणा फळीवर उतरवून भोके पाडली, कडांना बारीक कानस मारली. सोल्डरिंगला त्यामानाने फारसा वेळ लागला नाही. उजव्या अंगठ्याखाली मी एक जादा कळ घातली आहे आणि तिच्यावर 'स्ट्रीट फायटर ६' मधला 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' ठेवला आहे, कारण दोन कळा एकदम दाबण्यात उजव्या हाताचा जो क्षण जातो तो त्या धडकेला उत्तर देताना परवडत नाही. हाताची सवय बदलण्यास मात्र वेळ द्यावाच लागतो. पहिल्या काही आठवड्यांत चालणेदेखील विसरल्यासारखे होते. अंगठ्याने उडी मारावयाची हे मेंदूला कळलेले असते, पण संकटात मधले बोटच वर धावते. यावर उपाय एकच: सराव-कक्षात जाऊन नुसते पुढे-मागे चालणे, बसणे, उडी मारणे, आणि प्रहारांच्या मालिकांना तोवर हात न लावणे.

एका अडचणीची जाणीव घरी खोके बनविणाऱ्यास आधीच हवी. संगणकावर असे खोके बिनतक्रार चालते. सोनीच्या यंत्रांना मात्र परवान्याची रुजुवात लागते. ती नसेल तर प्लेस्टेशन ४ सुमारे आठ मिनिटांनी खोक्याशी संबंध तोडते, आणि प्लेस्टेशन ५ चे खेळ तर त्याला मुळीच दाद देत नाहीत; तेथे परवानाधारक सर्किट किंवा मधला जोडखुंटा घ्यावा लागतो, आणि चार डॉलरांच्या पट्टीने झालेली बचत तेथल्या तेथे संपते. आपल्या वस्तूवर आपल्या हाताने बनविलेले साधन चालू नये, ही व्यवस्था मला कधीच पटलेली नाही.

आपल्याकडे या सर्व गोष्टींचा विचार करण्याची वेळ आता आलेली आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतला खेळ म्हणून मान्यता दिली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' मध्ये मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारतातर्फे उतरले. त्या प्रकारातले सुवर्णपदक कोरियाच्या चव्वेचाळीस वर्षांच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले. गावोगावच्या महाविद्यालयांत लढतीच्या खेळांचे सामने होऊ लागले, तर कोणी दांडा घेऊन येईल, कोणी पॅड, आणि कोणी प्लायवूडचे खोके. आयोजकांनी त्या खोक्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत, आणि सामना संपल्यावर हरलेल्याची फिर्याद ऐकण्याची पाळीही स्वतःवर आणू नये. विरुद्ध दिशांचा निवाडा कसा असावा हे प्रवेशपत्रिकेतच छापून द्यावे, आणि सामन्यापूर्वी प्रत्येक खोके सराव-कक्षात जोडून पडद्याच्या कडेला उमटणारी कळांची नोंद चालू करावी. पंचाने डावी दिशा धरून उजवी दाबावी, मग खालची धरून वरची दाबावी. दोन्ही वेळा नोंदीत बाणाच्या जागी मध्य उमटला, तर खोके कोणी कोठे बनविले याची विचारपूस न करता खेळाडूला खुर्चीवर बसवावे.